चूक घरी सांगता येते का?



मुलगा किंवा मुलगी शिकायला, नोकरीला बाहेरगावी निघाली की आपण लाडू-चिवडा बांधून देतो, पैसे जपून वापर म्हणतो आणि मनात धाकधूक घेऊन एसटी स्टँडवरून परत येतो. पोर नीट वागेल ना? तिथे अडवायला आपण नसतो. मग तिथे त्याला कोण अडवतं? आणि दुसरा कुणी अडचणीत असेल तर मदतीला कोण धाडतं? आज याबद्दल बोलू या.

यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सॅम्युअल ऑलिनर यांचा. हे पोलंडमधले ज्यू. १९४२ साली नाझींनी त्यांच्या घरातली माणसं मारली, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. बाल्विना नावाच्या एका ख्रिस्ती शेतकरी बाईने त्यांना आसरा दिला. ज्यूंना लपवणाऱ्याला तेव्हा पोलंडमध्ये मृत्युदंड होता. तरी तिने या पोराला नवं नाव दिलं, संशय येऊ नये म्हणून ख्रिस्ती प्रार्थना शिकवल्या आणि दुसरीकडे कामाला लावलं. पोर जगलं. पुढे अमेरिकेत समाजशास्त्राचे प्राध्यापक झालं.

इतरांनी दारं लावून घेतली असताना अशा माणसांनी दार का उघडलं, हा प्रश्न ऑलिनर यांनी पत्नी पर्ल यांच्यासह अभ्यासाला घेतला. ज्यूंना वाचवणाऱ्या चारशेहून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्याच काळात, तशाच ठिकाणी राहून मदत न केलेल्यांशीही ते बोलले. १९८८ साली त्यांचं पुस्तक आलं. वाचवणारे काही फार शिकलेले किंवा श्रीमंत होते असं नाही. फरक दिसला तो बराचसा लहानपणीच्या घरात. वाचवणाऱ्यांना आईवडिलांची जवळीक जास्त आठवत होती. त्यांच्या घरी 'सांगितलं तसं कर' यावर भर कमी होता. मार कमी होता, आणि चुकलं तर का चुकलं ते समजावून सांगितलं जायचं. माणूस कुठल्याही धर्माचा असो, त्याला आपल्यासारखंच दुखतं, हेही घरातच कानावर पडलेलं होतं.

आता हे सगळं म्हाताऱ्या माणसांनी चाळीस वर्षांनी आठवून सांगितलेलं, हे लक्षात ठेवायला हवं. आठवणी गोड होतात. पण मार्टिन हॉफमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मुलांना वळण लावण्याच्या पद्धतींचा जो विचार मांडला, तोही याच दिशेने जातो. त्यांनी तीन पद्धती वेगळ्या केल्या. पहिली धाकाची, म्हणजे मार, ओरडा, खाऊ बंद. दुसरी माया आवरून घेण्याची. ही आपल्याकडची फार जुनी. 'जा, मी तुझ्याशी बोलणारच नाही' म्हणून दोन दिवस अबोला धरणारी आई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिसरी पद्धत म्हणजे तुझ्या वागण्याने दुसऱ्याला काय झालं, ते दाखवणं. 'तू ढकललंस, बघ तिचा गुडघा फुटला. आता काय करू या?'

धाकाने मूल तेवढ्यापुरतं गप्प बसतं, पण त्याचं लक्ष राहतं मारणाऱ्या हाताकडे. अबोल्याने त्याचं लक्ष जातं आईच्या चेहऱ्याकडे. फुटलेल्या गुडघ्याकडे ते वळतं तिसऱ्या पद्धतीतच. हात आणि चेहरा दोन्ही दूर गेले, म्हणजे मूल होस्टेलवर पोचलं, की या वळणाचा उपयोग होतो.

इथे कुणी म्हणेल, 'श्यामची आई'तल्या आईनेही मारलंच की! पोहायला जात नाही म्हणून शिंपटीने मारलं, हे खरं. पण नंतर वळांवर तेलही तिनेच लावलं आणि का मारलं तेही सांगितलं. मी माराची बाजू घेत नाही. श्यामला मार आठवतो त्याहून तो हात जास्त आठवतो, एवढंच.

हा हात म्हणजेच ज्याला मानसशास्त्रात जिव्हाळ्याचा बंध म्हणतात. जॉन बोल्बी या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी यावर अहवाल लिहिला. दुर्दैवाने त्यातून पुष्कळांनी अर्थ काढला की आईने कामाला जाऊच नये. शेतात, कारखान्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांवर हा दोष आजही येतो. मला तो अन्याय वाटतो. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातल्या खेड्यांत आया आणि तान्ही मुलं पाहिली. त्यांना दिसलं की बाळाचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडतो. आजी असेल, मावशी असेल, बाप असेल. हाक मारली की ओ देणारं माणूस हवं, आणि ते रोजचं हवं.

वीस वर्षांच्या मुलाला ही ओ कशी लागते? समजा, त्याच्या गाडीचा धक्का लागून एक म्हातारे गृहस्थ पडले. किंवा मोबाइलवरून उधार घेतलेले पैसे मित्राच्या गळ्यात मारून तो मोकळा झाला. 'मी वाईट काम केलं' असं वाटलं तर माणूस भरपाईकडे वळतो. 'मी वाईटच आहे, कळलं तर मला घरात थारा नाही' असं वाटलं तर तो लपवतो, खोटं बोलतो, पळतो. घरी सांगायची सोय असणं इतकं महत्त्वाचं आहे.

लहानपणी आपल्या हातून फार धाक झाला, आता उशीर झाला, असं काही जणी म्हणतील. मूल मोठं झालं तरी हे नातं बदलता येतं. फोनवर त्याने काही सांगितलं तर आधी पूर्ण ऐकायचं. लोक काय म्हणतील, हा प्रश्न मनातच ठेवायचा. पहिला प्रश्न 'त्या आजोबांना किती लागलं? तू त्यांना भेटलास का?' हा विचारायचा.

आणि एक. आपल्या कितीतरी घरांत मूल आईला सांगतं आणि लगेच म्हणतं, 'बाबांना सांगू नकोस हं.' आपणही 'नाही सांगत' म्हणतो, त्यात थोडं सुखही असतं. पण मग बाप फक्त धाकापुरता उरतो. पुढच्या वेळी तसं म्हटलं, तर 'तूच सांग, मी शेजारी बसते' असं म्हणून पाहा.