शिकाऊ हात, दूरचा गुरू

मोतीबिंदूची शिबिरे आपल्या परिचयाची आहेत. शहरातून नेत्रशल्यविशारदांचे पथक येते, दोन दिवसांत शेकड्याने शस्त्रक्रिया होतात, डोळ्यावर पट्टी बांधलेली मंडळी घरी जातात आणि पथकाची गाडी परत फिरते. मोतीबिंदू मात्र शिबिराच्या तारखा पाहून होत नाही. आफ्रिका व आशियातील अनेक गरीब देशांत हेच चित्र दिसते. तेथे पथक परदेशातून येते, एवढाच फरक. म्हणून पाहुण्या पथकाने किती शस्त्रक्रिया केल्या यापेक्षा ते मागे किती शिकलेले हात ठेवून गेले, हे मोजायला हवे असे आम्हाला वाटते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली असा हिशेब मांडला, की सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातील सुमारे ५०० कोटी लोकांच्या आवाक्याबाहेर आहे. एकट्या मोतीबिंदूमुळे दृष्टी अधू झालेले किंवा गेलेले लोक, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, ९ कोटी ४० लाखांच्या घरात आहेत.

आता मुख्य प्रश्न. हे काम शिकवणे इतके अवघड का?

डोळ्यातील भिंग एका पातळ, पारदर्शक पिशवीत असते. मोतीबिंदूत हे भिंग गढूळ होते. पिशवीचे पुढचे तोंड उघडून गढूळ भिंग बाहेर काढायचे आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचे, ही झाली शस्त्रक्रिया. यात पिशवीची मागची बाजू शाबूत राहिली पाहिजे. ती जेमतेम ४ मायक्रॉन जाडीची असते. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन भरतो. ती फाटली, की मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो आणि साधी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. कुठे किती जोर लावायचा हे पुस्तकात लिहिता येत नाही, ते बोटांनाच कळावे लागते. आमच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी पिपेटने नेमके माप घ्यायला शिकतो, तेव्हा पाचपन्नास नळ्या वाया जातात. नळ्या धुऊन पुन्हा वापरता येतात. डोळ्याचे तसे नाही. शिकाऊ डॉक्टरच्या हाताखाली येणारे पहिले पन्नास डोळे कोणाचे असतात? बहुधा ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही त्याचे.

शिकवायचे काय, हाही प्रश्न आहेच. श्रीमंत देशांत फेको पद्धत रूढ आहे. तिला महागडे यंत्र लागते. नेपाळचे डॉ. संदुक रुइत यांनी ऑस्ट्रेलियाचे डॉ. फ्रेड हॉलोज यांच्याबरोबर काम केले आणि परत येऊन यंत्राशिवाय करता येणाऱ्या पद्धतीवर भर दिला. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटर रुंदीचा तिरपा बोगदा करायचा आणि त्यातून अख्खे भिंग काढायचे. बोगदा तिरपा असल्याने डोळ्याच्या आतील दाबानेच तो झडपेसारखा मिटतो, टाके लागत नाहीत. काठमांडूत १९९४ साली तिलगंगा नेत्रकेंद्र सुरू झाले, तेथे हीच पद्धत शिकवली जाते. नेपाळमध्ये पिकलेल्या मोतीबिंदूच्या १०८ रोग्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दोन्हींचे परिणाम सारखेच चांगले होते; बोगद्याच्या पद्धतीला वेळ मात्र पुष्कळ कमी लागला.

पद्धत ठरली, तरी पहिल्या पन्नास डोळ्यांचा प्रश्न उरतोच. केनिया, टांझानिया, युगांडा व झिंबाब्वे येथील ५० शिकाऊ नेत्रवैद्यांची एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या शिक्षणाखेरीज आठवडाभर कृत्रिम डोळ्यांवर, मार्गदर्शकाच्या नजरेखाली, कसून सराव दिला. आपल्या सराव पाठाला निरीक्षक मागच्या बाकावर टिपणपत्रिका घेऊन बसतात, तशीच येथेही गुणपत्रिका होती. शस्त्रक्रियेचे लहान टप्पे पाडून प्रत्येकाला वेगळे गुण द्यायचे, म्हणजे 'जमले नाही' असे न म्हणता नेमके कुठे जमले नाही ते सांगता येते. पुढील वर्षात सराव केलेल्या गटाने सरासरी २१.५ शस्त्रक्रिया केल्या, दुसऱ्याने ८.५. मागची पिशवी फाटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ७.८ टक्के आणि दुसऱ्यात २६.६ टक्के होते. या फरकातला प्रत्येक टक्का म्हणजे कोणाचा तरी डोळा.

पण मार्गदर्शक आठवड्याने परत जातो. नंतर काय? येथे दूरस्थ मार्गदर्शन उपयोगी पडते. ऑर्बिस ही संस्था १९८२ पासून विमानातले नेत्ररुग्णालय घेऊन देशोदेशी शिकवत आली. २००३ साली तिने 'सायबरसाइट' सुरू केले. दूरच्या गावातला डॉक्टर रोग्याची माहिती व छायाचित्रे पाठवतो आणि जाणकार त्यावर सल्ला देतो. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला, की शस्त्रक्रिया चालू असतानाही शिकवणाऱ्याला तेच चित्र दिसते.

शिक्षकांना येथे भौतिकशास्त्राचा एक छान दाखला मिळेल. सप्टेंबर २००१ मध्ये डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून, यंत्रमानवाच्या साहाय्याने, फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील रोगिणीचे पित्ताशय काढले. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन अंतर १२ हजार किलोमीटरांहून जास्त, म्हणजे निदान ६० मिलिसेकंद निव्वळ प्रवासात जातात. चित्राच्या संस्करणासह एकूण विलंब १५५ मिलिसेकंद होता, आणि तो तेवढाच राहावा म्हणून खास राखीव वाहिनी घ्यावी लागली. नुसत्या बोलण्याला एवढा थाट लागत नाही. अर्धा सेकंद उशीर झाला तरी चालतो, कारण चांगला मार्गदर्शक टप्पा सुरू होण्याआधी बोलतो, हात चालू असताना नव्हे. शिवाय डोळाच बधिर केलेला असल्याने रोगी जागा असतो आणि सारे ऐकत असतो. 'अरेरे!' म्हणण्याची सोय नाही.

तारेतून स्पर्श मात्र जात नाही, आणि पिशवी फाटलीच तर दूरचा गुरू शिष्याच्या हातातले हत्यार घेऊ शकत नाही. म्हणून आधी शेजारी उभे राहून शिकवावे आणि मग दुरून, हा क्रम उलटा करू नये.

आणखी एक गोष्ट. २१.५ शस्त्रक्रिया म्हणजे महिन्याला दोनसुद्धा नाहीत. एवढ्यावर हात तयार राहणे कठीण. सूक्ष्मदर्शक चालू हवा, रोग्याजवळ गाडीभाडे हवे आणि भिंगे स्वस्त हवीत. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयात हात होते, शिकवणारेही होते, पण कृत्रिम भिंग परदेशी किमतीचे होते. म्हणून त्यांनी १९९२ साली भिंगे बनवण्याचा आपला कारखानाच काढला.