स्टिअरिंग लहान, जोर महान!

देवळाली प्रवराच्या उसाच्या शिवारात, पावसाळी पाणंदीतून विलीजच्या वंशातली जुनी महिंद्रा जीप काढणे म्हणजे मनगटांची परीक्षाच. तरीही मूळचे मोठे स्टिअरिंग काढून लहान, देखणे स्टिअरिंग घरच्या घरी बसवण्याचा मोह होतो. गुडघ्यांना जागा मिळते, हे खरे. पण १७ इंचांऐवजी १४ इंची घेतले, की पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हातांना सुमारे २१ टक्के जोर जास्त लावावा लागतो. पुढची चाके सरळ ठेवून, दांड्यावर खूण करून, जुने स्टिअरिंग पुलरनेच काढावे; हातोडा मारू नये. नव्या हबचे दाते दांड्याशी तंतोतंत जुळलेच पाहिजेत. एअरबॅगवाल्या गाडीच्या वाटेला मात्र जाऊ नये. शेवटी सारे घरदार त्या एका नटाच्या भरवशावर गाडीत बसते.