घाटाच्या चित्रात काय नसतं?

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. घाटावर निघाला तरी ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ असं सांगून निघतो. या गंगेवर दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं की छातीला भिडलं, यावरून गाव पुराचा अंदाज बांधतं. चित्रकाराचा हिशेब वेगळा असतो. त्याच्या लेखी हा मारुती म्हणजे करड्या दगडांच्या पसाऱ्यात आयता मिळालेला शेंदराचा ठिपका, चित्र पाहणाऱ्याची नजर जिथे येऊन थांबावी अशी जागा.

घाट चित्रकारांना का ओढतो याचं उत्तर देताना भक्ती, श्रद्धा, पावित्र्य हे शब्द पटकन पुढे येतात. मला त्याआधी भूमिती दिसते. पायऱ्यांच्या आडव्या रेघा, शिखरांच्या उभ्या, खाली दोन्हींना मोडणारं पाणी आणि मधे सतत हलणारी माणसं. चित्राची मांडणी निम्मी झालेलीच असते. समोर 1747 मध्ये उभं राहिलेलं नारोशंकराचं मंदिर. वसईच्या 1739 च्या विजयाची आठवण म्हणून आणलेली पोर्तुगीज घंटा त्याच्या दर्शनी भिंतीवर टांगलेली.

घाटावरच्या दगडाचा काळा रंग ट्यूबमधून काढून थेट कागदावर लावला, तर भिंत मेल्यासारखी दिसते. म्हणून जलरंगवाले अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र करतात. ओल्या कागदावर दोन्ही पुरते एकजीव होत नाहीत. वाळताना कुठे निळा वेगळा पडतो, कुठे तांबूस वर येतो, आणि बेसाल्टवर पाऊस पडून गेल्यानंतरची ती चमक हाती लागते. नाशिकचा दगड आणि जलरंग यांचं जमलं ते असं. तैलरंगात हे साधत नाही असं नाही, पण मेहनत फार.

या चित्रांचं घराणं मुंबईचं. सर ज. जी. कलाशाळा 1857 ची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले प्राचार्य सेसिल बर्न्स स्वतः जलरंगात रमणारे होते, आणि बाहेर बसून निसर्गचित्र करण्याची शिस्त मराठी चित्रकारांच्या अंगी मुरली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या वाटेवरचं नाशिकचं ठळक नाव म्हणजे दिवंगत शिवाजी तुपे. त्यांनी घाट आणि जुन्या नाशिकातले वाडे, गल्ल्या अशा काही रेखाटल्या, की निसर्गचित्र म्हटलं की नाशिककरांच्या तोंडी आजही आधी त्यांचंच नाव येतं. पुढच्या पिढीतले प्रफुल्ल सावंत जलरंगाची प्रात्यक्षिकं घेऊन देशोदेशी पोहोचले.

आता थोडं अप्रिय. घाटाची चित्रं लागलेल्या कुठल्याही प्रदर्शनात एक फेरी मारा आणि चित्रात काय नाही ते शोधा. फ्लेक्स नाही. निळी ताडपत्री नाही. उभ्या केलेल्या मोटारी नाहीत, विजेच्या तारांचं जाळं क्वचित. सगळ्यात मोठी गैरहजेरी काँक्रीटची. 2003 च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरात नदीचं पात्रच काँक्रीटनं झाकलं गेलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, ती मोकळी व्हावीत म्हणून गोदाप्रेमी न्यायालयात गेले. शहरात इतकं सगळं घडलं आणि कागदावर नदी अजून पेशवाईतच वाहते आहे.

नको ते गाळणं हा चित्रकाराचा हक्कच आहे. त्याशिवाय चित्र होत नाही. पण तीच तीच गोष्ट सगळ्यांनी गाळली की तो हक्क राहत नाही, सवय होते. गिऱ्हाइकालाही दिवाणखान्यात जुनंच नाशिक हवं असतं, हेही खरं. तुप्यांची गोष्ट निराळी. त्यांनी काढले ते वाडे त्यांच्यासमोर उभे होते. आज पडलेल्या वाड्याचं चित्र फोटोवरून करणारा त्यांचा विषय उचलतो, त्यांची नजर नाही.

उलटं उदाहरण फार लांब नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांतल्या आणि घाट उतरून जव्हार-डहाणूकडच्या पाड्यांवर वारली लग्नाचा चौक लिहिला जातो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवासिनी तो लिहितात, मधोमध पालघाट देवी. ही बायकांची विधीची कला. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांमुळे ती कागदावर उतरली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी तिला विधीबाहेर नेलं. त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्या भांडवलावर या चित्रांत आगगाडी आली, सायकल आली, विमानही आलं. परंपरा बाटली अशी ओरड पाड्यावर कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्याच गंजाडचे राजेश वांगड याहून पुढे गेले. छायाचित्रकार गौरी गिल यांनी टिपलेल्या तिथल्या माळांच्या, झाडांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर त्यांनी 2013 पासून वारली रेषेत चित्रं काढली. छायाचित्रात दिसतो तो आजचा माळ. रेषेत येतं ते तिथे पूर्वी होतं, घडलं, ऐकलं ते: जंगल, देव, दुष्काळ, कारखाने. ‘फील्ड्स ऑफ साइट’ नावाची ही मालिका 2017 च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनापर्यंत गेली. छायाचित्र आजचं सांगतं, रेषा कालचं, आणि दोघांनाही एकमेकांना पुसावं लागत नाही.

नाशिकच्या जलरंगाकडे कसब याहून कमी नाही. काँक्रीट हाही करडाच रंग आहे, ओला झाल्यावर तोही चमकतो, आणि निळी ताडपत्री शेंदराशेजारी कशी दिसेल हा रंगाच्या दृष्टीनं सरळसरळ मोहाचा प्रश्न आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी घाटांची कामं निघाली आहेत. खडीचे ढीग, क्रेन, बांबूंचे कठडे, उचकटलेल्या पायऱ्या: रेखाटनाची वही घेऊन बसायला याहून गजबजलेला काळ गंगेवर पुन्हा बारा वर्षांनीच येईल.