गोणीतला धूर

"आधी चिमणी मोजा," शेतकी अधिकारी म्हणाले.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा कार्बनचा हिशेब मांडायला गेलो होतो. चिमणीचा धूर चार गावांना दिसतो, मग मोजायचा तर तोच, असं कुणालाही वाटेल. पण त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड मुख्य बेरजेत धरतच नाहीत. बॉयलरमध्ये जळतो तो बगॅस. टनभर ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस पडतो, आणि त्यातला कार्बन उसानं वर्ष-दीड वर्षात हवेतूनच उचललेला असतो. त्याची नोंद वेगळ्या पानावर. सोबत निघणारा थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा बेरजेत येतो.

पुढचं काम रजिस्टरांचं. जनरेटरचं आणि यार्डातल्या लोडरचं डिझेल, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. हंगाम संपल्यावर महावितरणकडून घेतलेली वीज. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश बंद टाकीत कुजवून त्याचा गॅस वापरला जातो, की तो उघड्या तळ्यात पडून मिथेन सोडतो, हे स्वतः जाऊन पाहावं लागतं. दीड दिवसात कारखान्याच्या कुंपणाआतला हिशेब संपला. बेरीज पाहून सगळे खूश.

मग मी गेटबाहेर आलो. उसाच्या बैलगाड्या रांगेत होत्या, बैल वाढे चघळत उभे. डिझेलच्या रकान्यात बैलगाडीपुढे शून्य. पण रवंथ करणाऱ्या बैलाच्या ढेकरेतून मिथेन जातो, म्हणजे हिशेब तिलाही चुकत नाही. अर्थात खरं वजन गाडीतल्या मोळ्यांमागे होतं, शेतात.

काट्याची एक जुनी पावती उलटी करून मी शेतकी अधिकाऱ्यांना आकडे मांडून दाखवले. युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र. जगभर सरसकट वापरला जाणारा गुणांक सांगतो, की टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. वजनात तो वायू भरतो जेमतेम ३२५ ग्रॅम. पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी. म्हणजे गोणीमागे जवळजवळ ८९ किलो, ३३ लिटर डिझेल जाळल्याइतके. यात युरिया बनवताना लागलेला नैसर्गिक वायू अजून धरलेलाच नाही. आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. सगळं नत्र युरियातून दिलं तर एकरी पावणेआठ गोण्या.

त्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली. "पण युरिया शेतकरी टाकतो. कारखाना नाही."

खासगी कंपनीनं असं म्हटलं तर समजण्यासारखं आहे. तिच्या लेखी शेतकरी माल पुरवणारा. पण याच जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरानगरला, १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, ते ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक या तत्त्वावर. साखरेचा भाव वाटून घेताना शेत कारखान्याच्या आत, आणि धूर मोजताना बाहेर, हे कसं चालेल?

उत्सर्जनाच्या अहवालाचा सेबीचा नियम शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना. सहकारी कारखाना त्यात येत नाही. पण साखर घेणाऱ्या खाद्य कंपन्यांना स्वतःच्या हिशेबात उसाचं रान दाखवावं लागू लागलंय, आणि तो प्रश्न फिरून गेटवर येणारच.

कारखान्याच्या संकल्पाचा मसुदाही वाचला. छतावर सौर पॅनेल, वृक्षारोपण, आणि अमुक सालापर्यंत उत्सर्जनात घट. तुलनेसाठी धरलेलं वर्ष भरघोस गाळपाचं. म्हणजे पुढं एखादा दुष्काळ पडला, कालव्याचं आवर्तन चुकलं आणि ऊस निम्म्यावर आला, की काहीही न करता संकल्प सिद्धीस! घट मोजायची तर टनामागे मोजा, एवढं मी समासात लिहिलं.

पाचटाचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. तोड झाली की एकरी तीन-चार टन पाचट रानात उरतं. काडी लावली तर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हिशेबात चढतात, नत्र धुरात जातं. सरीत ठेवलं तर खोडव्याला ओल टिकते आणि मातीला सेंद्रिय कर्ब मिळतो.

निघताना शेतकी अधिकाऱ्यांनी ऊसनोंदीचं रजिस्टर पुढे केलं. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, आडसाली की सुरू, सगळं प्लॉटवार. इतकी बारीक माहिती बड्या कंपन्यांकडेही नसते. पानाच्या उजव्या कडेला दोन बोटं जागा कोरी होती.

"इथं युरिया बसेल," ते म्हणाले. "पाचटाला पान वाढवावं लागेल."

उलटी केलेली पावती त्यांनी त्याच पानात ठेवली.