बोईसर ते नरिमन पॉइंट, व्हाया व्हिवाल्डी

मंचावर माइक नाही, स्पीकरही नाहीत. हे माझ्याआधी काकांच्या लक्षात येतं.

"अरे, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचणार कसा?" ते माझ्या कानाशी लागतात.

काका म्हणजे आमचे बोईसरचे शेजारी. तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले, डी. के. दातारांच्या व्हायोलिनचे निस्सीम भक्त. कार्यक्रम म्हटला की आधी साउंडवाल्याची चौकशी करायची ही आमच्याकडची रीत. इथे अर्धवर्तुळात खुर्च्या, प्रत्येक दोन खुर्च्यांपुढे स्वरलिपीचा एक स्टँड, मधोमध हार्प्सिकॉर्ड आणि वर लाकडी छत. बस्स.

आम्ही नरिमन पॉइंटला, एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये बसलो आहोत. फेब्रुवारी संपत आलाय. दुपारी डहाणूहून येणारी लोकल पकडली तेव्हा उमरोळीच्या पुढे पळस पेटलेला दिसत होता, सफाळ्याच्या आसपास आंब्यांना मोहोर. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि शंभर किलोमीटरहून लांबचं चर्चगेट आम्हाला एकाच गाडीत मिळालं. येताना खिडकी मिळते. जातानाचं बोलायलाच नको. म्हणून आजचा मुक्काम दादरला बहिणीकडे.

वादक येतात. वीसेक जण. सगळी तंतुवाद्यं: व्हायोलिन, व्हायोला, चेलो, कोपऱ्यात दोन डबल बेस. हे सगळे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे. २००६ साली मूळचे कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांच्या पुढाकाराने हा वाद्यवृंद उभा राहिला, त्यामुळे आजही त्यात कझाक चेहरे बरेच दिसतात. पुढच्या खुर्चीवरची बाई एक स्वर लांब धरते आणि बाकीचे तिच्याशी आपापल्या तारा जुळवून घेतात. काका डोळे मिटतात. जुळलेल्या तारांचा तो गुंजारव त्यांच्या ओळखीचा आहे, तानपुरे लागताना येतो तसाच.

पहिलं बाखचं: दोन व्हायोलिनसाठी लिहिलेली डी मायनरमधली रचना. दोन एकल वादक पुढे उभे राहतात, एक मध्यमवयीन बाई आणि एक पोरगेला तरुण. सुरुवात दुसरं व्हायोलिन करतं. पहिलं थोडं थांबून तेच वाक्य वरच्या स्वरांत उचलतं.

"जुगलबंदी?" काका.

"नाही हो. सगळं लिहिलेलं आहे. पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ."

काकांना ते पटत नाही. मलाही पुढच्या दहा मिनिटांत पटेनासं होतं. मधल्या संथ भागात एक व्हायोलिन लांब स्वर धरून थांबतं, दुसरं त्याच्या खालून सरकत येतं आणि त्या दोघांत क्षणभर बोचणारा विसंवाद उभा राहतो. मग पहिलं हळूच एक पायरी उतरतं आणि सगळं सुटतं. असं पुन्हा पुन्हा. कोणाचं व्हायोलिन कोणतं, हे डोळे मिटले तर सांगता येत नाही. काकांच्या तोंडून दबकं "वा!" निसटतंच. इथे दोन भागांच्या मधेसुद्धा टाळी वाजवत नाहीत, आणि हे तर चालू वादनात! पुढच्या रांगेतल्या पारशी आजी मागे वळून बघतात आणि चक्क मान डोलावतात.

मी आता गजांकडे बघत बसलो आहे. पहिल्या व्हायोलिनांचे सगळे गज एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात; कुठे वर, कुठे खाली हे आधीच ठरलेलं असतं. चेलोवाल्याच्या गजाचा एक केस तुटून लोंबतोय. तुकडा संपताच चेलोवाला तो केस हळूच तोडून खिशात टाकतो. घोड्याच्या शेपटीचे केस, वर राळेची पूड, आणि त्यांनी भरणारं अकराशे खुर्च्यांचं नाट्यगृह. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. शेवटच्या रांगेतला माणूस पुढे वाकलेला नाही.

मध्यंतर. आम्ही बाहेरच्या भव्य संगमरवरी जिन्यापाशी उभे आहोत. हा जिना मलबार हिलच्या पेटिट हॉलमधून आणून इथे बसवलेला. चहाच्या किमतीवर काका काही बोलत नाहीत, पण बोलत नाहीत यातच सगळं आलं. मग एकदम म्हणतात, "हा जमशेद भाभा म्हणजे आमच्या होमी भाभांचा धाकटा भाऊ ना?"

तोच. होमी भाभांनी तारापूरचं स्वप्न पाहिलं आणि १९६६ साली विमान अपघातात गेले. तारापूरची वीज १९६९ साली सुरू झाली. त्याच १९६९ साली जमशेदजींनी जे. आर. डी. टाटांच्या पाठबळावर एनसीपीए स्थापन केलं; आज आम्ही बसलो आहोत ते नाट्यगृह मात्र १९९९ साली उघडलं. होमी भाभा स्वतः पाश्चात्त्य संगीताचे दर्दी. म्हणजे एका भावाच्या केंद्रावर हयात घालवलेला माणूस दुसऱ्या भावाच्या नाट्यगृहात पहिल्यांदा येतोय, तोही निवृत्तीनंतर. काका यावर एवढंच म्हणतात, "लांब पडतं रे."

हे संगीत आपलं नव्हे, असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते खरं वाटत नाही. मेहली मेहतांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला तो १९३५ साली. गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि त्यांच्यासारख्यांच्या तालमीतली व्हायोलिनं हिंदी गाण्यांच्या अंतऱ्यामागून आपण आयुष्यभर ऐकत आलो. फक्त गायिकेचा आवाज वजा करून ती ऐकायची सवय नाही.

घंटा होते. आता व्हिवाल्डीचा 'वसंत'. १७२५ साली ॲम्स्टरडॅमला छापलेल्या चार ऋतूंपैकी पहिला. व्हिवाल्डी व्हेनिसचा धर्मगुरू, तिथल्या अनाथाश्रमातल्या मुलींना व्हायोलिन शिकवणारा. प्रत्येक ऋतूसोबत त्याने एकेक सुनीत दिलंय आणि त्यातल्या ओळी थेट स्वरलिपीत टाकल्यात. त्यामुळे अर्थ लावायला तज्ज्ञ लागत नाही. मुख्य वादक आणि आणखी दोन व्हायोलिनं किलबिल सुरू करतात, बाकी सगळे गप्प. मग झऱ्याची झुळझुळ. मग अचानक गज तारांवर थरथरतात: ढग, विजा.

"हा तर वळीव," काका म्हणतात. आमच्याकडे तो यायला मे उजाडतो, पण वास तोच.

दुसऱ्या भागात गंमत आहे. मेंढपाळ झोपलाय, त्याची झोप एकल व्हायोलिन वाजवतंय. बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ. चेलो आणि डबल बेसना कामच नाही; गज मांडीवर ठेवून ते नुसते बसलेत. आणि व्हायोला? तेच दोन स्वर, मुद्दाम राकट, शेवटपर्यंत. तो कुत्रा आहे. व्हिवाल्डीने तसं लिहूनच ठेवलंय. मी काकांना सांगतो आणि त्यांना हसू आवरेना. व्हायोलावाली मुलगी मात्र चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता भुंकत राहते.

तिसऱ्या भागात मेंढपाळांचा नाच. खालची वाद्यं एकच स्वर धरून ठेवतात, तिकडच्या बॅगपाइपसारखा. मला जव्हार-विक्रमगडकडचा तारपा आठवतो. दम न तोडता फुंकत राहणारा वारली वादक आणि त्याच्याभोवती फिरणारा फेर. व्हिवाल्डीला तो आवडला असता, याबद्दल मला शंका नाही.

टाळ्या. आता मनसोक्त. काका उभे राहून वाजवतात.

बाहेर समुद्राचा वारा आहे आणि काका हिशेब मांडताहेत. माणसं वीस. वाद्यं हातात मावणारी, डबल बेस आणि हार्प्सिकॉर्ड सोडून. माइक नको, स्पीकर नको, जनरेटर नको. म्हणजे एक बस आणि एक टेम्पो. पालघर जिल्हा होऊन दशक उलटलं, सभागृहं आहेत, शाळा आहेत, कारखान्यांकडे पैसाही आहे. ज्यांच्या हातात हे आहे त्यांना माझी विनंती: एकदा ही मंडळी बोईसरला बोलवा. तेवढा वेळ पंखे बंद ठेवा, आणि तारीख फेब्रुवारीतलीच धरा. पुढे आमच्या किनाऱ्याच्या दमट हवेत तारा सुरात राहत नाहीत.