पाकिटावरचे नाव

लग्न ठरले, मुहूर्त निघाला, पत्रिका छापून आल्या. आता पाकिटे लिहायची. घरात शंभर कामे असतात, म्हणून हे काम शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराच्या गळ्यात पडते, नाहीतर गावातल्या गुरुजींच्या. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवतात, मग कुलदेवतेपुढे. देवाला पत्ता लागत नाही. बाकी सर्वांना लागतो.

पत्रिकेतला मजकूर सर्वांना सारखाच असतो. पाकिटावरचे नाव मात्र एकाच माणसासाठी लिहिलेले असते. पाहुणा पत्रिका उघडण्याआधी तेच वाचतो.

पूर्वी पुरुषाच्या नावाआधी 'रा. रा.' म्हणजे 'राजमान्य राजेश्री' लिहीत. आता 'श्री.' पुरे. 'ती.' आणि 'चि.' घरातल्या पत्रात शोभतात. पोस्टाच्या पाकिटावर नुसते 'ती. काकाजींस' लिहून भागत नाही. काकाजी तुमचे आहेत, पोस्टमनचे नव्हेत! पूर्ण नाव व आडनाव लिहावे. नवराबायको दोघांना बोलवायचे तर 'श्री. व सौ.' लिहितात.

नवरा वारलेल्या बाईच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायची रीत होती. गं. भा. म्हणजे गंगा-भागीरथी. आम्हीही ते वर्षानुवर्षे लिहिले. एका लग्नसराईत असेच एक पाकीट आमच्या हातून गेले. त्या बाई तेव्हा साक्षरतेच्या वर्गाला यायला लागल्या होत्या. संध्याकाळी पाकीट घेऊन आल्या आणि अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, हे मायं नाव, हे वाचता आलं मले. पण हे पयलं काय होय?"

आम्ही अर्थ सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माया नावाच्या आंधी मायं रांडपण लिवलं तुमी."

गंगेचे नाव पवित्र आहे, हा मानाचा शब्द आहे, असे काहीतरी आम्ही बोललो. पण बोलतानाच आठवले, की बायको वारलेल्या एकाही पुरुषाच्या पाकिटावर आम्ही कधी वेगळी खूण केली नव्हती. आम्ही नवे पाकीट घेतले आणि त्यांच्यासमोर लिहून दिले. त्या लग्नाला आल्या, पण मांडवात मागेच बसल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करायचे, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करायला सांगितले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सरकारी कामात 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' लिहावे, असा प्रस्ताव निघाला. त्यावर राज्यभर टीका झाली. आम्हाला आमच्या वर्गातल्या त्या बाई आठवल्या.

मग लिहावे काय? 'श्रीमती' लिहावे. पुष्कळ ठिकाणी हा शब्द विधवेसाठीच आहे असे समजतात, पण तसे नाही. तो कोणत्याही बाईला चालतो. एकट्या बाईच्या नावे पाकीट असेल तर सर्वांनाच 'श्रीमती' लिहावे, म्हणजे कोणी वेगळी पडत नाही. आणि बाईचे स्वतःचे नाव लिहावे. 'अमक्याची आई' हे काही नाव नव्हे.

भावांच्या चुली वेगळ्या असतील तर पाकिटेही वेगळी द्यावी. तिघांना मिळून एक पाकीट दिले, की तिघेही घरी बसतात आणि दोष लग्नघराला लागतो.

आता पत्ता. 'मु. पो.' म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. पोस्ट गावातच असेल तेव्हाच हे एकत्र लिहावे. पोस्ट दुसऱ्या गावी असेल तर 'मु.' पुढे आपले गाव आणि 'पो.' पुढे पोस्टाचे गाव लिहावे. मग तालुका, जिल्हा, पिनकोड. आमच्या हिंगण्याला लागूनच रायपूर आहे. पाकिटावर नुसते 'रायपूर' लिहिले तर पत्रिका छत्तीसगडात जायची! 'हिंगणा' घाईत लिहिले तर वाचणाऱ्याला वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट वाटू शकते. हिंगण्याचा पिन ४४१११०, हिंगणघाटचा ४४२३०१, आणि छत्तीसगडच्या रायपूरचा ४९२ ने सुरू होतो. आकडे सुटे सुटे लिहावे.

ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वेगळे करण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन नेमके पोस्ट ऑफिस.

पाकिटाच्या एका बाजूला आपले नाव व पत्ताही लिहावा. पाहुणा गाव सोडून गेला असेल तर पत्रिका परत येते, आणि ती पोचली नाही हे लग्नाआधी कळते. तिकीट किती लावायचे ते पोस्टात वजन करून विचारावे. कमी लावले तर भुर्दंड पाहुण्यावर पडू शकतो. हळदकुंकवाची बोटे पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावावी आणि वाळू द्यावी. ओली पत्रिका पाकिटात घातली की रंग बाहेर फुटतो, आणि खालचे नाव वाचता येत नाही.