परळचं दामोदर आणि शाळेची नाटकं

परळच्या शाळांमधल्या नाटकवेड्यांबद्दल लिहायचं, तर दामोदर नाट्यगृहापासूनच सुरुवात करावी लागते. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि १९२२ पासून या संस्थेचं दामोदर हे गिरणगावाचं हक्काचं नाट्यगृह झालं. पाळी सुटली की कामगार तालमीला येत, बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत. कोकणातली नमनं, शक्ती-तुऱ्याचे सामनेही इथे रंगले.

हेच नाटकवेड परळच्या शाळांमध्येही दिसतं. त्यांच्या स्नेहसंमेलनांची खरी मजा मात्र विंगेत! केव्हाच शाळा सोडून गेलेले दादा-ताई कामावरून थेट तालमीला येतात. सातवीतल्या पोराची मिशी गोंदाने चिकटवत बजावतात, "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे रे!" ही शिकवणी कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

नोव्हेंबर २०२३ पासून दामोदर पुनर्विकासासाठी बंद आहे. नवं नाट्यगृह आधीपेक्षा लहान होऊ नये म्हणून रंगकर्मींनी आवाज उठवला, सहकारी मनोरंजन मंडळ ही नाट्यसंस्था त्यात पुढे होती. मला ही मागणी शंभर टक्के पटते. शाळेच्या हॉलमध्ये माईकवर नाटक होतं, पण मोठ्या रंगमंचावर आवाज फेकायची सवय तिथे लागत नाही.

परळच्या माजी विद्यार्थ्यांनो, डिसेंबरात तालमी सुरू होतील. शाळेत एक चक्कर माराच!